गॅस आला, पण चूल गेली नाही

मागच्या हिवाळ्यात पिंपळगाव रेणुकाईहून एक मावशी दाखवायला आल्या होत्या. वय छप्पन्न. चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, सकाळी उठल्यावर अर्धा तास खोकला, चिकट बेडका. सोबत सून होती. काय होतंय विचारलं तर मावशी म्हणाल्या, "मिरचीचा ठसका हाये सायेब, दुसरं काय न्हाई."

ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. हंगामात इथून मिरची ट्रक भरभरून परराज्यांत जाते. तोडायला, निवडायला, भरायला बायकाच असतात. त्यामुळे ठसक्याचं कारण अगदीच खोटं वाटत नव्हतं.

खोटं होतं ते माझ्या फाइलमध्ये. मावशी तीन वर्षांपासून अधूनमधून माझ्याकडे येत होत्या. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "विडी-तंबाखू ओढणे: नाही. स्वयंपाक: गॅस." आणि पुढे प्रश्नचिन्हासह "दमा?" त्यावर गोळ्या, सिरप, थंडीत एखादं इंजेक्शन. या वेळी कशी कोण जाणे, मी प्रश्न वेगळा विचारला. "मावशी, आज सकाळी भाकरी कशावर केल्या?"

"चुलीवर."

"अंघोळीचं पाणी?"

"तेबी चुलीवरच की."

"मग गॅसवर काय करता?"

"चहा. पाव्हने आले तर पोहे."

त्या दिवशी स्पायरोमेट्री केली, म्हणजे नळीत जोरात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणी. मावशींना सीओपीडी निघाला. श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा हा आजार, जो आपण बहुतेक वेळा विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांना चिकटवून मोकळे होतो. दम्यात औषधाने नळ्या पुन्हा बऱ्याच अंशी मोकळ्या होतात. सीओपीडीत गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं असतं. तीन वर्षं मी "घरी गॅस आहे का?" असं विचारत होतो, आणि त्या खरं तेच सांगत होत्या. गॅस होताच.

म्हणून आज औषधांवर नाही, इंधनावर लिहितोय. स्वच्छ इंधनाकडे जायचं असं आपण सत्तर वर्षं म्हणतोय. हा प्रवास नेमका कुठे अडतो ते पाहिल्याशिवाय तुमच्या घरातल्या खोकल्याचा उलगडा होणार नाही.

आधी धुराबद्दल थोडं. पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या, मक्याची कणसं असं काहीही पेटवलं की ते पूर्ण जळत नाही. अर्धवट जळालेल्या भागाचा धूर होतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, डोळे झोंबवणारी रसायनं असतात आणि अतिशय बारीक कण असतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे यातले वीसेक कण शेजारी शेजारी मांडले की एका केसाची जाडी होईल. मोठी धूळ नाकात, घशात अडकते आणि शेंबडाबरोबर, बेडक्याबरोबर बाहेर पडते. हे कण मात्र थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. तिथे रोज थोडी सूज येते, रोज थोडी डागडुजी होते. चौदाव्या वर्षी चुलीपुढे बसलेली मुलगी पन्नाशीला पोहोचेपर्यंत डागडुजीचे वण इतके साठतात की नळीच अरुंद होते.

हे आपल्या देशात कागदावर कोणी मांडलं? डॉ. एस. पद्मावती यांनी. जन्म ब्रह्मदेशात, १९४२ मध्ये जपानी हल्ल्यामुळे कुटुंबासह भारतात आलेल्या, पुढे देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून नावाजल्या गेलेल्या. १९५९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकन नियतकालिकात दिल्लीतल्या १२७ रुग्णांचा अभ्यास छापला. आजार होता ‘कॉर पल्मोनेल’. फुप्फुसं खराब झाली की त्यांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते, पायांना सूज येते, ओठ निळसर पडतात. पाश्चात्त्य पुस्तकांत हा सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार होता. दिल्लीत बायकांनाही तो मोठ्या प्रमाणावर होत होता, आणि त्या फारशा विडी-सिगारेट ओढत नव्हत्या. पद्मावतींनी बोट ठेवलं ते स्वयंपाकघरातल्या धुरावर. त्या १०३ वर्षं जगल्या, २०२० मध्ये गेल्या. त्यांच्या त्या लेखानंतर साठेक वर्षांनी मी फाइलवर "स्वयंपाक: गॅस" लिहून पुढे जात होतो, हे इथे कबूल केलेलं बरं.

गंमत म्हणजे पद्मावतींच्याही आधी काही लोकांना चुलीचं दुखणं कळलं होतं, आणि त्यांतले एक आपल्याच राज्यात काम करत होते. आपलं राज्य म्हणजे तेव्हाचं हैदराबाद संस्थान आणि नंतरचं हैदराबाद राज्य. भोकरदन, जालना हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत त्यातच होता. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी धुराड्याची मातीची चूल तयार केली आणि १९५३ मध्ये तिच्यावर एक छोटी पुस्तिका काढली. लाखो घरांची स्वयंपाकघरं बिनधुराची व्हावीत हा तिचा विषय. तिकडे वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ आली होती. दोन्हींची कल्पना एकच. आच झाकायची, धूर नळीतून छपराबाहेर काढायचा, उरलेल्या उष्णतेवर दुसरं भांडं ठेवायचं.

मग ही चूल घरोघरी का नाही पोहोचली? तुम्ही निर्धूर चूल वापरली असेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. धुराडं काजळीने भरतं आणि दर काही दिवसांनी साफ करावं लागतं. चुलीचं तोंड ठरावीक मापाचं असतं, त्यात जाड लाकूड जात नाही. मग लाकूड फोडत बसण्यापेक्षा तोंडच फोडून मोठं करतात. एकदा तोंड मोठं झालं की हवेचं सगळं गणित बिघडतं आणि धूर पुन्हा घरात. केंद्र सरकारने १९८३ च्या अखेरीस सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने त्यासाठी तांत्रिक काम मनापासून केलं. कार्यक्रम २००२ मध्ये गुंडाळला गेला. पुढे ओडिशात काही अर्थतज्ज्ञांनी अशा सुधारित चुलींच्या वाटपाचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला. २०१२ मध्ये निष्कर्ष आला: पहिल्या वर्षी घरातल्या बाईच्या शरीरात जाणारा धूर कमी झाला, नंतर तो फायदा विरून गेला. चुली मोडल्या, डागडुजी झाली नाही, वापर सुटला. त्या घरातल्या बाईला आळशी म्हणायला कोणीतरी असतोच. दिवसाला दोन तास सरपणात, दोन तास पाण्यात घालवणाऱ्या बाईने धुराडं कधी साफ करायचं, हे त्याने सांगावं.

दरम्यान रॉकेल आलं होतं. रॉकेल हा शब्द ‘रॉक ऑइल’वरून आणि घासलेट हा ‘गॅस लाइट’वरून आला असं मानतात. आधी ते कंदिलात आणि चिमणीत आलं, नंतर स्टोव्हमध्ये. पंपाचा प्रायमस स्टोव्ह १८९२ मध्ये स्वीडनच्या लिंडक्विस्ट यांनी बनवला, आणि विसाव्या शतकात तो आपल्या शहरांत व तालुक्यांच्या गावांत घराघरांत पोहोचला. पिन मारणं, फरफर आवाज, निळी ज्योत हे चाळिशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. चुलीपेक्षा धूर कमी दिसे, म्हणून ती प्रगती वाटे. रेशनचं निळं रॉकेल मिळवण्यासाठी रांगा लागत. पण दिसेनासा झालेला धूर गेलेला नव्हता. रॉकेलमधूनही बारीक कण निघतातच, आणि २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरात रॉकेल जाळू नका असंच सांगितलं.

रॉकेलचं दुसरं रूप मी इंटर्न असताना पाहिलं. जळीत वॉर्डात तरुण बायका येत. कागदावर बहुधा एकच कारण असे: "स्टोव्हचा भडका." काही खरेच भडके होते. वॉशर खराब, रॉकेलमध्ये भेसळ, नायलॉनची साडी. काही नव्हते, हे वॉर्डातल्या सगळ्यांना कळत असे. १९८३ मध्ये भारतीय दंड विधानात कलम ४९८-अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब आलं, ते या वर्षांतलंच. इंधनाचा इतिहास सांगताना हे गाळून पुढे जाणं मला जमत नाही. घरात कुठलं इंधन असावं हे जिच्या अंगावर ते सांडतं तिने कधीच ठरवलेलं नव्हतं.

आता गॅस. मुंबईत १९५० च्या दशकाच्या मध्यावर बर्मा-शेल कंपनीने घरगुती सिलिंडर विकायला सुरुवात केली. ‘बर्शेन’ हे त्याचं नाव जुन्या मुंबईकरांच्या तोंडात अजून आहे. तीच कंपनी १९७६ मध्ये सरकारकडे आली आणि पुढे भारत पेट्रोलियम झाली. सुरुवातीला लोकांना सिलिंडरची भीती वाटे. या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे घाण वासाचं रसायन मिसळतात, त्यामुळे तो ‘गॅसचा वास’. भीती गेली तेव्हा टंचाई आली. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ जहाजाला मुंबईजवळच्या समुद्रात तेल लागलं, १९७६ मध्ये बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झालं, उरणला गॅस वेगळा होऊ लागला आणि जोडण्या वाढल्या. तरी कित्येक वर्षं नंबर लावून बसावं लागे. खासदारांच्या वाट्याला जोडणीची कुपनं असत आणि त्यासाठी लोक वशिला शोधत. हा सगळा गोंधळ शहरांचा होता. खेड्यातली बाई त्या रांगेत उभीसुद्धा नव्हती.

खेड्यासाठी वेगळं उत्तर होतं, आणि माझ्या मते ते सर्वांत चांगलं उत्तर होतं: गोबरगॅस. मुंबईच्या माटुंग्यातल्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्यापासून गॅस करून दिवे लावले गेले होते. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचा प्लांट बनवला आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो देशभर नेला. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन सफाई आणि संडास या विषयावर आयुष्य घालवत होते. त्यांच्यापासून प्रेरणा घेतली ती एका डॉक्टरने.

डॉ. सु. वि. मापुसकर १९६० च्या सुमारास देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तुकोबांचं देहू. रुग्ण येत ते बहुतेक जुलाब, जंत, कावीळ असे उघड्यावरच्या घाणीतून होणारे आजार घेऊन. गोळ्या देऊन त्याच रुग्णाला त्याच घाणीत परत पाठवायचं, हे त्यांना पटेना. म्हणून ते संडास बांधण्याच्या मागे लागले, आणि मग संडासाला जोडलेल्या गॅस प्लांटच्या. एकाच खड्ड्याने तीन कामं केली. घाण गेली, चुलीचा धूर कमी झाला, खत मिळालं. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण ती मरणोत्तर. मी डॉक्टर मंडळींना नेहमी सांगतो, आपल्या धंद्यातल्या माणसाने लिहिलेलं सर्वांत चांगलं प्रिस्क्रिप्शन पाहायचं असेल तर देहूला जा.

मग भोकरदन तालुक्यात हे का पसरलं नाही? प्लांट इथेही झाले. १९७३ च्या तेलसंकटात कच्चं तेल काही महिन्यांत सुमारे चौपट महागलं, सरकारला शेणाची आठवण झाली, १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प आला आणि अनुदानावर टाक्या उभ्या राहिल्या. पण दोन घनमीटरच्या प्लांटला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. शेणाइतकंच पाणीही लागतं. १९७२ चा दुष्काळ, २०१२ चा दुष्काळ, पुन्हा २०१५. पाणी टँकरने येत असताना टाकीत बादलीभर पाणी कोण ओतेल? दुष्काळात जनावरं बाजारात जातात आणि सगळी परत येत नाहीत. त्यातच ट्रॅक्टर आला. नांगरटीला बैल लागेनासे झाले. बैल गेले तसं शेण गेलं, शेण गेलं तशी टाकी कोरडी पडली. शेतात डिझेल आलं आणि त्याने स्वयंपाकघरातलं स्वच्छ इंधन हुसकावून लावलं, असं मी म्हटलं तर अनेकांना ते ओढूनताणून वाटेल. तुमच्या गावात अंगणात गंजलेली गोबरगॅसची टाकी असेल, तर त्या घरी बैल कधी विकले ते विचारून पाहा.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या नावावर अनामत न भरता गॅस जोडणी. आठ कोटींचा टप्पा ७ सप्टेंबर २०१९ ला पूर्ण झाला आणि ती आठ कोटीवी जोडणी पंतप्रधानांनी दिली ती आपल्या शेजारी, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बचत गटांच्या मेळाव्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधन वापरणारी घरं २०१५-१६ मध्ये सुमारे ४४ टक्के होती, २०१९-२१ मध्ये सुमारे ५९ टक्के झाली. इतक्या कमी वर्षांत इतका बदल आधीच्या कुठल्याही चुलीने केला नव्हता, हे मान्य करायला हवं.

पण ही पाहणीही माझ्यासारखाच प्रश्न विचारते: घरात मुख्यतः कशावर शिजतं? आमच्या मावशी त्या ५९ टक्क्यांत गेल्या असत्या. उज्ज्वलाच्या घरांतली सिलिंडरची सरासरी वर्षाला तीन-चारच्या आसपास राहिली. निव्वळ गॅसवर पाच माणसांचा स्वयंपाक केला तर सिलिंडर दीड-दोन महिन्यांत संपतो. म्हणजे उरलेले महिने चूल. २०२२ मध्ये सिलिंडर हजाराच्या वर गेला, मग उज्ज्वलाला आधी दोनशे, नंतर तीनशे रुपयांची सूट आली. आपल्या राज्यात २०२४ मध्ये वर्षाला तीन सिलिंडर मोफत देणारी अन्नपूर्णा योजना आली. ज्या घरी रोजंदारीवर पैसा येतो, तिथे अडचण एकूण किमतीइतकीच एकदम बाहेर काढाव्या लागणाऱ्या रकमेचीही असते. पऱ्हाटी शेतात फुकट उभी असते. कापूस वेचून झाला की ती उपटायचीच असते.

आणि भाकरी. "गॅसवरली भाकर वातड होती," हे मला इतक्या बायकांनी सांगितलंय की मी आता वाद घालत नाही. मोठा तवा, फुलवायला निखारे, दहा-बारा भाकरींचा घाणा हे सगळं चुलीला सोयीचं आहे. इंधन बदलायचं म्हणजे पदार्थ, भांडी, बसायची पद्धत आणि घरातल्या पुरुषांच्या चवीही बदलायच्या.

इथे डॉक्टर म्हणून मला एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. निम्मा धूर कमी केला तर निम्मा आजार कमी होईल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. धूर खूप असताना तो थोडा कमी केला तर शरीराला फार फरक पडत नाही. खरा फायदा धूर अगदी तळाला गेल्यावर सुरू होतो. विडीचंही असंच आहे. दिवसाला वीस विड्या ओढणारा दहावर आला तर त्याच्या हृदयाचा धोका निम्मा होत नाही. म्हणून गॅस आणि चूल दोन्ही असलेल्या घरात खर्च दोन्हींचा होतो आणि फायदा अर्धासुद्धा मिळत नाही. (जाता जाता: चुलीपुढे बसणं म्हणजे तासाला चारशे सिगारेटी, असं तुम्ही ऐकलं असेल. हे अमेरिकेचे प्रा. कर्क स्मिथ यांचं उदाहरण. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गुजरातच्या खेड्यांत जाऊन बायकांच्या श्वासातला धूर मोजला होता. चारशे सिगारेटी त्या खोलीत जळत असल्यासारखं, असा त्याचा अर्थ. बाई चारशे ओढते असा नव्हे.)

शंभर टक्के गॅस दिला तर काय होतं? हेही करून पाहिलं गेलं. भारतात तामिळनाडू, शिवाय ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा अशा चार देशांत ३,२०० गरोदर बायकांचा अभ्यास झाला. निम्म्या घरांना शेगडी आणि लागेल तितका गॅस फुकट, घरपोच. त्या बायकांच्या श्वासातले बारीक कण सुमारे २४ मायक्रोग्रॅमवर आले, उरलेल्या घरांतल्या बायकांत ते सुमारे ७० होते. बायकांनी चूल जवळजवळ सोडलीच. गॅस परवडला आणि दारात आला तर बाई तो वापरते, ‘सवय’ वगैरे कारणं दुय्यम आहेत, हे यातून सिद्ध झालं. पण २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक दिसला नाही. २०२४ मध्ये तान्ह्या मुलांच्या न्यूमोनियाचा निकालही तसाच आला. हे तुमच्यापासून लपवणं मला योग्य वाटत नाही. गरोदरपणाच्या मध्यावर धूर थांबवून आधीच्या वीस वर्षांचा हिशेब पुसता येत नसावा, असं माझं मत आहे. दुसरीकडे चीनच्या ग्वांगडाँगमध्ये सुमारे हजार लोकांना नऊ वर्षं पाहिलं गेलं. ज्या घरांनी सरपण सोडून बायोगॅस घेतला आणि स्वयंपाकघराला हवा खेळती केली, तिथल्या लोकांच्या फुप्फुसांची ताकद कमी होण्याचा वेग मंदावला. फुप्फुसं नवी होत नाहीत, पण घसरण हळू होते. सीओपीडीच्या रुग्णाला मी यापेक्षा जास्त कबूल करत नाही. इन्हेलरबद्दलही नाही.

आता तुमच्यातला कॉलेजात शिकणारा कुणी विचारेल, की डॉक्टर, गॅस हेही खनिज इंधनच ना? बरोबर आहे. सिलिंडरमधला गॅस तेल आणि नैसर्गिक वायूतूनच येतो. देशाला लागणाऱ्या या गॅसपैकी साठ टक्क्यांच्या आसपास आयात होतो, बहुतेक आखातातून. तिकडे काही बिनसलं की पिंपळगावातली पऱ्हाटी पुन्हा पेटते. मग वीज? इंडक्शनची शेगडी घरात धूर करत नाही, पण आपल्या राज्याची वीज अजून बरीचशी कोळशावर चालते. तो धूर चंद्रपूरकरांच्या आणि परळीकरांच्या वाट्याला जातो. शिवाय पाच वाजता भाकरी टाकायची आणि वीज सातला येणार, असं अनेक गावांत चालतं. सौर ऊर्जा आपल्याकडे आली आहे, आणि ती कुठे आली तर शेतात. सौर पंपांच्या निळ्या पाट्या आता भोकरदन भागातही रस्त्याच्या कडेने दिसतात. शेताला पाणी सूर्यावर निघतं आणि त्याच घरात अंघोळीचं पाणी पऱ्हाटीवर तापतं. पंप पुरुषाचा आणि चूल बाईची, त्यामुळे आधी कशाचं इंधन बदललं हे सांगायला नको.

माझ्यापुरता क्रम साधा आहे. छातीच्या डॉक्टरला आधी खोलीतला धूर घालवायचा आहे. तो गॅसने जात असेल तर गॅसने. ज्यांच्याकडे चार जनावरं आणि पाणी आहे त्यांनी गोबरगॅसचा पुन्हा विचार करावा, आता अंगणात मावणारे छोटे प्लांटही मिळतात. आणि भाकरीवरून घरात भांडण सुरू करण्याआधी अंघोळीच्या पाण्याकडे बघा. बहुतेक घरांत सर्वांत जास्त सरपण तिथेच जातं, आणि पाण्याला चव नसते. ज्यांना जमेल त्यांनी छपरावर सौर बंब बसवावा. नाहीच जमलं तर पाण्याची चूल भिंतीपासून, दारापासून लांब अंगणात न्या. बाळाला कडेवर घेऊन चुलीपुढे बसू नका. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात लावू नका, त्यातला कार्बन मोनॉक्साइड खोकलासुद्धा येऊ देत नाही.

मावशी तीन महिन्यांनी पुन्हा आल्या. इन्हेलर बरोबर घेत होत्या, मी करून दाखवायला लावलं. मुलाने पाण्याचा बंब अंगणाच्या टोकाला हलवला होता आणि तो आता तोच पेटवत होता, हे सुनेने हसून सांगितलं. कालवण, भात, चहा गॅसवर. भाकरी चुलीवर. सिलिंडर संपून बारा दिवस झाले होते तेव्हा पुन्हा सगळंच चुलीवर आलं होतं, तेही त्यांनी न विचारता सांगितलं.

मी फाइलमधला "स्वयंपाक" हा रकाना काढून टाकला आहे. त्या जागी आता लिहितो: चुलीपुढे रोज किती मिनिटं. मावशींच्या पहिल्या भेटीसमोर सुनेला विचारून मागाहून भरलं: एकशे ऐंशी. त्या दिवशीच्या भेटीसमोर: पन्नास.